नानांनी सांभाळायला दिलेली बसकी

दसऱ्याच्या दिवशी मी गाडीचं फक्त तोंड धुवायचो. बॉनेट, पुढचे दोन दिवे आणि समोरची काच, बस्स. मागचा सगळा भाग ताडपत्रीखाली तसाच. मग झेंडूचा जाडजूड हार पुढे आडवा बांधायचा, हवा जाऊन खाली बसलेल्या चाकांसमोर पूजेचं ताट मांडायचं, ताटाशेजारी आपट्याच्या पानांचा ढीग लावायचा, म्हणजे चाक दिसत नाही, आणि फोटो काढायचा. फोटो लगेच नानांना. दहा मिनिटांत त्यांचा फोन. "वा भो! काय दिसी राहिनी!" असे सहा दसरे मी काढले. पहिल्या वेळी हार बांधताना जरा लाज वाटली होती, खोटं सांगणार नाही. पुढच्या वेळी तेवढीही वाटली नाही.

नाना म्हणजे माझे सख्खे काका. चोपड्याच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांची केळीची बाग. मूलबाळ नाही, नाना आणि काकू दोघंच. मी नववीत असताना माझे वडील गेले, तेव्हा नाना मोटारसायकलवर जळगावला आले आणि आईला म्हणाले, "याचं शिक्षण मनाकडे." म्हणजे खर्च त्यांचा. नंतर त्यांनी त्याचा एका शब्दाने उल्लेख केला नाही. मी शाळेत गणिताचा मास्तर झालो तो त्यांच्यामुळे.

आणि ही गाडी म्हणजे त्यांचं एकमेव वेड. दोन दारं, दोनच सीटं, कापडी छत मागे दुमडायचं, गर्द लाल रंगाची परदेशी स्पोर्ट्स गाडी. मुंबईच्या एका हौशी माणसाकडून नानांनी ती घेतली, तेव्हाच ती म्हातारी होती. जमिनीला इतकी लागून की गावात तिला 'बसकी' म्हणायला लागले, आणि तेच नाव पडलं. नाना डोक्याला पांढरी टोपी, शेजारी काकू पदर दातात धरून, अशी दोघं चोपड्याच्या बाजाराला जायची. येताना काकूच्या मांडीवर भाज्यांची पिशवी, कारण डिकीत स्टेपनी सोडून काही मावायचं नाही. लोक हसायचे. नाना त्यांच्याकडे बघून हात हलवायचे.

सात वर्षांपूर्वी साखरेने त्यांची नजर अधू केली आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला साफ मनाई केली. गावातल्या गोदामात उंदीर फार. जळगावातल्या माझ्या मेहरूणच्या घराला बाजूला पक्की पत्र्याची शेड आहे. नानांनी गाडी माझ्याकडे आणून ठेवली. स्वतः शेजारी बसून मला चालवायला लावली, तीही वाटभर "हळू, हळू रे भो" करत. शेडमध्ये लावल्यावर त्यांनी सांगितलं ते एवढंच: दर रविवारी चालू करायची, मेहरूणच्या तलावापर्यंत एक चक्कर मारायची, इंजिन चांगलं गरम होऊ द्यायचं, आणि घरी आणून ठेवायची. "बंद राहिनी ना, का मरी जाई," असं म्हणाले. मी म्हटलं, "नाना, तुम्ही काळजीच सोडा."

दोन महिने मी खरंच केलं. मग एका रविवारी बॅटरी उतरली. म्हटलं पुढच्या रविवारी बघू. पुढच्या रविवारी पेपर तपासायचे होते. नंतर कोणाचं तरी लग्न. मग उन्हाळा, आणि जळगावच्या उन्हाळ्यात शेडमध्ये जाऊन वाकायचं म्हणजे डोकं भाजून घ्यायचं. कारणांना काय तोटा? ताडपत्री एकदा टाकली ती टाकली. वर्षभरात त्या गाडीच्या सीटवर मी जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवले. पुढच्या वर्षी बिघडलेला कूलर. बायको म्हणायची, "अहो, ती गाडी आहे की माळा?" मी तिच्यावरच खेकसायचो.

आणि दर रविवारी संध्याकाळी नानांचा फोन. "भो, बसकी फिरवी का?"

"हो नाना."

"आवाज कसा शे?"

"एकदम मस्त."

एकदा तर मी हौसेने वाढवून सांगितलं की आज तलावावर लोक गाडीसोबत फोटो काढत होते. नाना इतके खूश झाले की त्यांनी काकूला फोनवर बोलावून मला तेच पुन्हा सांगायला लावलं. मी पुन्हा सांगितलं. फोन ठेवल्यावर बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "गुरुजी, उद्या वर्गात पोरांनी असं केलं तर काय कराल?" मी टीव्हीचा आवाज मोठा केला.

यंदाच्या दसऱ्याचा फोटो गेला, फोन आला, पण नाना हसले नाहीत. जरा थकल्यासारखे वाटले. म्हणाले, "पाडव्याले बसकी लईसन ये. माले तुन्हासंगे बोलनं शे. बसकीतच बोलू." दिवाळीचा पाडवा. हातात जेमतेम वीस दिवस. नंतर काकूने फोन घेऊन हळूच सांगितलं की डॉक्टरांनी आता औषधं कमी केली आहेत. औषधं कमी म्हणजे आता इलाज उरला नाही, ते मला कळलं. आणि खरं सांगतो, आधी आठवली ती गाडी. नाना नंतर आठवले.

दुसऱ्या दिवशी ताडपत्री काढली. चारही चाकं बसलेली. सीटच्या गादीत उंदरांनी घर केलेलं, त्यात माझ्याच उत्तरपत्रिकांच्या चिंध्या. वायरी कुरतडलेल्या. जळगावचे दोन मेकॅनिक येऊन गेले. एकाने स्कॅनर कुठे लावायचा म्हणून विचारलं, दुसरा बॉनेट उघडून हसलाच आणि म्हणाला, "सर, प्रदर्शनात ठेवा हिला."

शेवटी एकच माणूस उरला, धुळ्याचा मिस्तरी. नानांची ही गाडी पहिल्यापासून त्यानेच पाहिलेली. सत्तरीला आलेला, बारीक अंगाचा, आणि नानांशी फोनवर बोलणं असलेला माणूस. म्हणूनच इतके दिवस मी त्याला टाळत होतो. आता इलाज नव्हता. फोन करून आधीच बजावलं, "भाऊ, नानांना सांगू नका. त्यांना सरप्राइज द्यायचंय." तो म्हणाला, "बरं."

गाडी धुळ्याला न्यायची, तर उघड्यावर नेली की कोणीतरी बघणार, चोपड्याला बातमी जाणार. मी काय केलं असेल? ओळखीच्या एकाचा केळीचा रिकामा ट्रक मिळवला, गाडी त्यात ढकलून चढवली, आणि वरून केळीची वाळकी पानं पसरली, माल जातोय असं वाटावं म्हणून. पन्नाशीतला माणूस, गणिताचा मास्तर, भर दुपारी हायवेने पानांखाली गाडी लपवून चाललोय. मिस्तरीने ट्रकचं फाळकं उघडलं, पानं उचलली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "केळी पिकनी का?"

मी हसलो. तो हसला नाही. पानं काढत काढत बसकी दिसायला लागली तसा त्याचा चेहरा पडत गेला. आतून आधी कूलर काढला, मग गठ्ठे. गठ्ठ्यावरचं शाळेचं नाव वाचलं आणि ते मुकाट्याने भिंतीशी रचून ठेवले.

दिवाळीची सुट्टी लागली होती. मला वाटलं गाडी टाकून परत जायचं, पाडव्याच्या आदल्या दिवशी यायचं. मिस्तरी म्हणाला, "नही. तू आठेच राही. हात लाव." इथेच राहा म्हटल्यावर मी रोज सकाळच्या एसटीने धुळ्याला जाऊ लागलो, आणि जन्मात पहिल्यांदा हात काळे केले.

टाकीतलं पेट्रोल काढलं तर त्याला वार्निशसारखा वास. टाकी आतून गंजलेली. कार्बोरेटर उघडला तर तळाशी हिरवट, चिकट राळ. त्यातून पेट्रोल जातं त्या पितळी जेटांची भोकं सुईच्या टोकाएवढी, आणि सगळी बुजलेली. मी तार घालायला गेलो तर मिस्तरीने हातावर चापट मारली. तार घातली की भोक मोठं होतं, मग गाडी पेट्रोल पिते आणि धूर सोडते. ते भिजत घालायचे, हवा मारायची, उजेडात धरून बघायचं, पुन्हा भिजत घालायचे. एका जेटपायी अख्खी सकाळ गेली. इंजिन तर जाम झालेलं. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं थोडं तेल सोडलं, दोन दिवस मुरू दिलं, मग मोठा पान्हा लावून हाताने फिरवायला घेतलं. पहिल्या दिवशी हललं नाही. दुसऱ्या दिवशी बोटभर हललं. मिस्तरी म्हणाला, "जित्ती शे." मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली.

ब्रेक तर चारही चाकांचे धरलेले. रबरं विरघळून काळा चिखल झालेला. तो चिखल खरवडताना मिस्तरीने सहज विचारावं तसं विचारलं, "नाना विचारेत नही का, गाडी कशी शे?"

"विचारायचे की."

"मंग तू काय सांगे?"

माझं टाळकं सरकलं. "तुम्ही तुमचं काम करा ना भाऊ! गाडी दुरुस्त करायला आणलीय, मला दुरुस्त करायला नाही!"

त्याने पान्हा खाली ठेवला. हात पुसले. समोरच्या टपरीवर जाऊन बाकावर बसला, चहा मागवला, आणि आरामात बसून राहिला. एक तास. मी बसकीच्या चाकाजवळ उकिडवा बसून राहिलो, हाताला तो चिखल तसाच. मुलांवर ओरडून मी वर्ग गप्प करतो. तो माणूस एक अक्षर न बोलता मला गप्प करून गेला. शेवटी उठलो, टपरीवर गेलो आणि म्हटलं, "चुकलो, भाऊ. त्यांना मी सांगायचो की रोज... दर रविवारी फिरवतो म्हणून."

मिस्तरीने उरलेला चहा संपवला. "ते माले माहीत शे," म्हणाला. "नाना माले फोनवर सांगेत ना. मना पोऱ्या दर रविवारी फिरवस, तुले काम पडाव नही आते." आणि उठून कामाला लागला. त्यानंतर त्याने तो विषय काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं असं मला नंतरचे आठ दिवस वाटत राहिलं.

पाडव्याच्या तीन दिवस आधी बसकी सुरू झाली. आधी खोकली, काळा धूर सोडला, बंद पडली. मग ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटची फट पातळ पट्टीने मोजून लावली, टायमिंग लावलं, आणि मिस्तरीने लांब स्क्रू-ड्रायव्हरचं एक टोक इंजिनला आणि मूठ कानाला लावली. दुसऱ्या हाताने कार्बोरेटरचा स्क्रू पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे. डोळे मिटलेले. थोड्या वेळाने आवाज सपाट झाला, एकसारखा. मी सात वर्षं फोनवर "एकदम मस्त" म्हणत होतो तो आवाज मी इतक्या वर्षांनी तेव्हा पुन्हा ऐकला. निघताना त्याने मला एकच सांगितलं, "नानाले सांगी टाक. मी सांगाव नही, पन तू सांगी टाक."

पाडव्याला सकाळी चोपड्याच्या रस्त्याने गेलो. दोन्ही बाजूंना केळी, थंड हवा, आणि गाडी अशी पळत होती की मीच विसरलो की ती मेलेली होती. नाना ओट्यावर तयार होऊन बसलेले. नवी टोपी, इस्त्रीचा सदरा, आणि सदऱ्यात माणूस निम्मा झालेला. आवाज ऐकूनच काठी टेकत उभे राहिले. गाडीभोवती हात लावत लावत एक फेरी मारली, डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं म्हणून बोटांनीच बघितली. काकूने गाडीला ओवाळलं, मग मला ओवाळलं. मी मान खाली घातली.

त्यांना धरून सीटवर बसवलं. गावाबाहेर पडलो. नाना इंजिनचा आवाज ऐकत होते, मान एका बाजूला कलती. मग म्हणाले, "तुले माहीत शे, मी तुन्हासंगे काय बोलणार?"

"नाही नाना."

"मना हातमा आते जास्त दिवस नहीत." मी काहीतरी बोलायला गेलो, त्यांनी हाताने थांबवलं. "मी लई इचार करा. बाग इकी टाकसू. पन तुन्ही काकू कोनाकडे राही? भाऊबंद शेतस, पन कोनवर भरवसा नही. मंग माले ही बसकी आठवनी. सात वरीस तू ही संभाळी. एक रविवार चुकना नही. जो मानूस अशी मुकी चीज संभाळस, तो तुन्ही काकूलेबी संभाळी. मना जीव निस्ता हलका व्हई गया भो."

इथे मी गप्प बसायला हवं होतं, असं माझे काही मित्र म्हणतात. म्हातारा सुखाने गेला असता. असेल. पण मला ते जमलं नाही. माझ्याबद्दल काही म्हणाले असते तर खोटं पचवलं असतं, सात वर्षांची सवय होती. पण त्या खोट्यावर ते काकूला बसवत होते. गाडी केळीच्या एका बागेपाशी कडेला घेतली आणि सगळं सांगितलं. कूलर, उंदीर, उत्तरपत्रिका, दसऱ्याचे फोटो, धुळ्याचा मिस्तरी, पानांखालचा ट्रक. त्या तलावावरच्या लोकांचं मात्र सगळ्यात शेवटी सांगितलं, कारण ते काकूलाही सांगितलं होतं.

मी नानांच्या शिव्यांची वाट बघत होतो. लहानपणी विहिरीत पोहायला गेलो म्हणून त्यांनी मला बैलाच्या दाव्याने झोडपलं होतं, तसं काहीतरी व्हावं असं वाटत होतं. ते माझ्याकडे वळले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. भीती होती. नानांना घाबरलेलं मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

"मंग आते तिले कोनाकडे सोपू?" ते म्हणाले.

"माझ्याकडे, नाना. शपथ घेतो. माझ्याकडेच."

"हां," ते म्हणाले. नुसतं हां. रस्त्यात कोणी उगाच ओळख काढली की माणूस म्हणतो तसं. आणि मग, "चाल, घर चाल."

घरी काकूने विचारलं, कशी झाली फेरी. नाना म्हणाले, "गाडी चांगली शे." ते खरं होतं.

त्यानंतर रविवारी संध्याकाळी फोन येणं बंद झालं. मीच करायचो. काकू उचलायची, नाना झोपलेत म्हणायची. संध्याकाळी सहाला नाना कधी झोपत नसत. मी दोनदा जाऊन आलो, त्यांनी माझी, बायकोची, शाळेची सगळी चौकशी केली, चहा पाजला. काकूचा विषय मी काढला की ते पाण्याच्या पाळीविषयी बोलायला लागायचे. थंडी सरता सरता ते गेले.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दारात जीप उभी होती. काकूची भाची आणि तिचा नवरा धुळ्यापलीकडच्या साक्रीकडून आले होते. मला कळेना, हे कशाला. भाचीने संकोचत सांगितलं की नानांनी पाडव्यानंतर लगेचच तिला बोलावून घेतलं होतं, काकूने पुढे तिच्याकडे राहायचं असं पक्कं केलं होतं. साक्रीच्या पुढे डोंगरात त्यांचं दोन खोल्यांचं घर, पावसावरची शेती, घरात आधीच सहा माणसं. माझ्या मेहरूणच्या घराचा वरचा मजला आख्खा रिकामा आहे. माझ्या बायकोने तो दिवाळीतच झाडून, गाद्या घालून ठेवला होता.

मी काकूपाशी गेलो. "काकू, असं काय? मेहरूणला चल. तुझी खोली तयार आहे."

तिने माझ्या गालावरून हात फिरवला, मी नववीत होतो तेव्हा फिरवायची तसाच. "त्यास्नी ठरावं शे रे भाऊ," ती म्हणाली. "त्यास्ना शब्द मोडता येत नही."

"मग मी येत जाईन भेटायला. दर महिन्याला येईन."

काकू जीपमध्ये बसली. बॅग भाचीने उचलून दिली. काकूने पदर नीट केला आणि काचेतून माझ्याकडे बघितलं, रागाने नाही, अगदी नेहमीच्या मायेने.

"जमनं तं ये, भाऊ," ती म्हणाली. "नही जमनं तं नही सांग, मी रागे भरस नही. पन येस येस सांगीसन माले वाट पहाले लावू नको."

जीप सुरू झाली. मला फोनवरचं माझं 'हो नाना' आठवलं. मी नुसती मान डोलावली.